व्यायामाशिवाय लाथ नाही

बालाघाटातल्या बाकी विहारांत पौर्णिमेची वंदना संध्याकाळी होते. आमच्या वॉर्डात ती सकाळी सातला होते आणि यावर वॉर्डातली एकही बाई खूश नाही. तीच नळाची वेळ, तीच डब्याची, आणि तेव्हाच पांढरं लुगडं नेसून विहारात जाऊन बसायचं. नवीन राहायला आलेलं कोणी विचारतंच, की बापा, एवढ्या सकाळी काहून? जुनी माणसं 'ते सरांपायी' एवढंच सांगतात आणि विषय बदलतात, कारण पुढचं सांगायला गेलं तर त्यात आपलंही तोंड दिसतं. माझंही दिसतं. पण मी सांगणार आहे.

सर म्हणजे माझे घरमालक. मी तिरोडीकडची. बालाघाटला एका सरकारी कार्यालयात टायपिंगची नोकरी लागली तेव्हा खोली शोधत फिरत होते. एकट्या बाईला खोली द्यायची म्हटली की लोक आधी आडनाव विचारत, मग नवरा विचारत, मग खोली कालच गेली म्हणत. सरांनी यातलं काही विचारलं नाही. त्यांनी मला अंगणात उभं केलं, चार पावलं चालायला लावलं आणि म्हणाले, "उजवा खांदा वर हाय तुमचा. टायपिंग करता का?" मी हो म्हणाले. मग त्यांनी वरची खोली दाखवली आणि जिना उंच आहे ही तक्रार मी करण्याआधीच तो मांड्यांसाठी किती चांगला आहे ते सांगितलं. त्या जिन्याचा मला पहिल्या दिवसापासून राग होता. सात वर्षं मी तो चढले.

सर सरकारी शाळेत जीवशास्त्र शिकवत. शाळा हिंदी माध्यमाची, म्हणून शाळेत 'मांसपेशी', घरी 'स्नायू', आणि ओसरीवर येणाऱ्या लोकांसमोर नुसतं 'मास'. पुस्तकातले बाकीचे धडे ते पाहुण्याला वाटेला लावावं तसे उरकत. फुलाचे भाग, बेडूक, पचन, सगळं भराभर. मग स्नायूंचा धडा यायचा आणि तो महिनाभर हलायचा नाही. त्यांच्या पोरांना परीक्षेत फुलाची आकृती येत नसे, पण पोटरीत गोळा आला तर अंगठा धरून पाऊल वर ओढायचं हे बालाघाटात त्यांनाच माहीत होतं.

सरांची काही वाक्यं ठरलेली होती. स्नायू ओढतो, ढकलत नाही, हे पहिलं. आपण दार ढकलतो तेव्हाही आत कुठंतरी काहीतरी ओढतच असतं, असं ते सांगत आणि समोरच्याला दार ढकलून पाहायला लावत. आमच्या फाटकाचा कोयंडा त्यानेच सैल झाला होता. दुसरं वाक्य जोडीचं. स्नायू जोडीनं काम करतात, एक आखडला की समोरच्यानं सैल व्हायचं, दोघंही आखडले की हात लाकडासारखा होतो. हे ते लग्नाच्या जेवणावळीत नव्या जोडप्यालाही सांगत. त्यावर काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, एकदा सगळ्यांसमोर विचारलं होतं, की तीस वर्षं झाली, सैल व्हायची पाळी दर वेळी माझीच कशी? तिसरं वाक्य सगळ्यांत मोठं आणि त्याच वाक्यानं पुढे त्यांचा घात केला. 'वापराल तर वाढेल, ठेवाल तर वाळेल.' मान दुखो, गुडघा दुखो, घरात म्हातारं माणूस अंथरुणाला खिळो, सर हेच सांगत. माझ्या मानेलाही त्यांनी हेच सांगितलं आणि खांदे कानापर्यंत उचलून सोडायचा एक व्यायाम लावून दिला. मी तो ऑफिसात करायची. आमच्या साहेबांना पुष्कळ दिवस वाटत होतं की त्यांनी काही विचारलं की मी 'मला काय माहीत' म्हणून खांदे उडवते.

आता लाथेचं सांगते. सर पायाळू होते. म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पाय आधी बाहेर आलेले. आमच्याकडे असं मानतात की कोणाच्या कमरेत उसण भरली, चमक निघाली, तर पायाळू माणसाची लाथ पाठीला लागली की ती जाते. सरांचा यावर काडीचा विश्वास नव्हता. ते विहारात अंधश्रद्धेवर भाषणं देणारे. त्यांच्या आईनं मात्र ते पायाळू असल्याची बातमी गावभर करून ठेवली होती, आणि बातमी आईपेक्षा जास्त जगली. लाथेचे वार म्हणजे शनिवार-मंगळवार, त्या दिवशी पहाटेपासून फाटकाशी वाकडी झालेली माणसं उभी. भरवेलीचे खाणकामगार, धानाची पोती उचलणारे हमाल, बसचे ड्रायव्हर. सरांनी आधी हाकलून पाहिलं. मग वैतागून शनिवार-मंगळवार बंद, काय यायचं ते रविवारी या, असं जाहीर केलं, म्हणजे वाराची अंधश्रद्धा तरी मोडेल. लोकांनी त्यातून एवढंच काढलं की या सरांची लाथ रविवारीच लागू पडते.

शेवटी सरांनी तडजोड केली. ओसरीवर पाटी लागली, शाळेच्या खडूनं आणि शाळेच्याच अक्षरात: 'व्यायामाशिवाय लाथ मिळणार नाही.' रविवारी सकाळी सहाला आमचा वर्ग भरे. सर आधी पाठ शिकवत. कण्याच्या दोन्ही बाजूंनी उभे दोर आहेत, एक दोर घाबरला की तो आखडतो आणि आपण लाकूड होतो, हे सांगत. पाय बधिर पडत असेल किंवा लघवीचा त्रास असेल त्याला लाथ नाही, त्यानं सरळ हॉस्पिटलात जावं, हे दटावून सांगत. मग सतरंजीवर सगळ्यांना उताणं झोपवून गुडघे छातीशी घ्यायला लावत, मांजरासारखी पाठ वर-खाली करायला लावत. अर्ध्या-पाऊण तासात त्यांच्या पाठी सैल पडत आणि तोंडावर थोडं रक्त येई. मग सर उठून प्रत्येकाच्या कमरेला उजवा पाय असा हलकेच टेकवत, फुलाला लावावा तसा. आणि माणूस उठून म्हणे, "हौ सर, गेली. पाय लागताच गेली."

एकदा सरांनी प्रयोग केला होता. एका रविवारी नुसता व्यायाम घेतला आणि लाथ दिली नाही. एकालाही आराम पडला नाही. सगळे वारासिवनीच्या एका पायाळू म्हातारीकडे गेले आणि तिथे बरे झाले. पुढच्या रविवारी सरांनी नुसती लाथ दिली, व्यायाम नाही. तेव्हा सगळे जागच्या जागी बरे झाले. पहिला अर्धा प्रयोग सर स्वतः रंगवून सांगत. दुसरा अर्धा मला काकूंनी सांगितला.

या ओसरीवर मी एक दृश्य पाहिलं ते विसरणार नाही. एका रविवारी राइस मिलवाले एक शेठ गाडीतून आले, दोघांच्या आधारानं उतरले. कंबर धरली होती. सर तरुणपणी याच शेठच्या घरी शिकवणीला जात, तेव्हा त्यांच्यासाठी चहाचा कप वेगळा असे आणि तो घराबाहेर, खिडकीच्या कोनाड्यात ठेवलेला असे. शिकवणी झाली की सरांनी तो स्वतः विसळून परत कोनाड्यात ठेवायचा. तेच शेठ आमच्या सतरंजीवर पालथे पडले आणि हात जोडून पाय लावा म्हणाले. सरांनी त्यांच्याकडून मांजराचा व्यायाम बाकीच्यांपेक्षा दुप्पट करून घेतला आणि मग पाय लावला. संध्याकाळी मी विचारलं की शेठनं ओळखलं का तुम्हाला. नाही म्हणाले. मग म्हणाले, "मी ओळखलं ना. ती लाथ थोडी मनापासून बसली."

ओसरीवर एक माणूस कंबर दुखो न दुखो दर रविवारी येई. भरवेलीच्या खाणीतून निवृत्त झालेला, सगळे त्याला भाऊ म्हणत. सायकलवरून यायचा, सगळे व्यायाम करायचा, नव्या लोकांचे गुडघे धरून त्यांना शिकवायचा. भाऊ रोज संध्याकाळी दारू प्यायचा आणि हे त्यानं कधी लपवलं नाही. पौर्णिमेच्या वंदनेला मात्र न पिता यायचा, मागच्या खांबाला टेकून बसायचा. आमच्यात वंदनेत पुढचा माणूस एकेक शील म्हणतो आणि बाकीचे त्याच्यामागून म्हणतात. पाचवं शील दारू-नशेपासून दूर राहण्याचं. भाऊ चार शिलं मोठ्यानं म्हणायचा आणि पाचव्याला तोंड मिटून बसायचा. त्याच्याच शेजारचे दोघं-तिघं ते खणखणीत म्हणत आणि वंदना संपली की भाऊच्या आधी दारूच्या दुकानावर पोचत. कोणीतरी भाऊला डिवचलं होतं, की अरे, म्हणून टाकायला काय जाते? भाऊ म्हणाला होता, "बुद्धासमोर खोटं काहून बोलू?" तेव्हापासून त्याचं नाव पडलं, चार शिलांचा भाऊ.

वंदनेत पुढे बसून शिलं म्हणणारा माणूस म्हणजे आमचे सर. वीस-बावीस वर्षं. आवाज स्वच्छ, पालीतला एकेक शब्द सुटा. सरांना घरापेक्षा, शाळेपेक्षा आणि त्या प्रसिद्ध पायापेक्षा जर कशाचा अभिमान असेल तर त्या जागेचा. लहानपणी त्यांच्या वडिलांना कोणी देवळाच्या पायरीवर बसू दिलं नव्हतं, आणि हे वॉर्डाच्या पुढे बसत होते. त्यांनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. खोकल्याचं औषधसुद्धा बाटलीवरचं वाचून घेत.

आणि मग सर दोन झाले. एक सकाळचे, एक संध्याकाळचे.

सकाळचे सर तेच होते. संध्याकाळचे सर कोण, ते कळेना. दिवस कलला की त्यांची डावी पापणी खाली येऊ लागे, अर्ध्या बुबुळापर्यंत. काही पाहायचं असलं की ते बोटानं पापणी वर उचलून धरत आणि पाहत. बोलताना शब्द जाड होत, नाकातून येत. जेवताना भाकर अर्धी झाली की जबडा थकायचा, मग हनुवटीला खालून हात लावून चावत. हसले की ओठांचे कोपरे वर जायचेच नाहीत, त्यामुळे सर हसले तरी चिडल्यासारखे दिसत. एकदा संध्याकाळी विहाराचे सचिव आले होते, तर सरांनी "दोघंही बसा" म्हटलं. सचिव एकटे होते. ते बसले, पण त्यांनी नाक पुढे करून वास घेतला ते मी जिन्यावरून पाहिलं.

वॉर्डाला अर्थ लावायला वेळ लागला नाही. पापणी जड, जीभ जड, एकाचे दोन दिसतात आणि ते फक्त संध्याकाळी. याला डॉक्टर कशाला पाहिजे? निवृत्ती जवळ आली की मास्तर लोक लागतात प्यायला, असं कोणी म्हणालं. इतकी वर्षं लपवलं असेल, असंही म्हणालं. गंमत अशी की रविवारी सकाळी सतरंजीवर पाठ देऊन पडणारी माणसंच संध्याकाळी हे बोलत.

मी तर त्याच घरात राहत होते. मला तरी कळायला हवं होतं. पण मी काय केलं? एके दिवशी संध्याकाळी सर आत गेले तेव्हा ओसरीवरचा त्यांचा स्टीलचा गिलास उचलून मी वास घेतला. ओव्याचं पाणी होतं. काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्या हातून गिलास घेतला आणि विसळायला गेल्या. आजही आठवलं की मान खाली जाते. ज्या घरानं माझं आडनाव विचारलं नाही, त्या घरचा गिलास मी हुंगला.

सरांनी स्वतःचं निदान स्वतःच करून टाकलं होतं. पापणीचा स्नायू आळशी झाला आहे. जबड्याचा पण. मग उपाय ठरलेलाच, वापराल तर वाढेल. रोज पहाटे आणि रोज संध्याकाळी ओसरीवर उभे राहून डोळ्यांची उघडझाप. मी वरून आकडे ऐकायची. आधी शंभर, मग दोनशे. पुढे च्युइंगम आणला. साठीला टेकलेला माणूस, अंगावर इस्त्रीचा शर्ट, खिशात पेन, आणि तोंडात च्युइंगम. मोठ्यानं वाचायचा व्यायाम वेगळा. जितका व्यायाम वाढला तितकी पापणी लवकर पडू लागली. आधी सहाला पडे, मग पाचला, मग चारलाच. सर म्हणत, व्यायाम कमी पडतो आहे. आणि वाढवत.

असं करता करता बुद्ध पौर्णिमा आली. विहार भरलेलं. बाहेर मांडवात लोक. सरांनी दिवसभर वंदनेचा सराव केला होता, पाच-सात वेळा मोठ्यानं, आणि संध्याकाळी माइकसमोर बसले. पहिली दोन शिलं ठीक गेली. तिसऱ्याला आवाज नाकात गेला. चौथं कसंबसं. आणि पाचव्याला, दारूपासून दूर राहण्याच्या त्या ओळीला, सरांची जीभ अशी लटपटली की ते माइकवरून सगळ्या वॉर्डाला ऐकू गेलं. त्यांनी पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तसंच. मागं पोरं खुसखुसली. एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "बुद्धाच्यापुढं तरी पेऊन येऊ नये बापा." सर उठले नाहीत. एक हात पापणीला लावून तसेच बसून राहिले. सचिवांनी माइक ओढून घेतला आणि पाचवं शील स्वतः म्हटलं.

त्यानंतरच्या पौर्णिमेला सचिवांनीच वंदना घेतली. 'सरांना जरा आराम' असं फळ्यावर लिहिलं. सर गेलेच नाहीत. ओसरीवर बसून डोळ्यांची उघडझाप करत राहिले. रविवारची माणसं मात्र येतच होती. पिणाऱ्या माणसाच्या पायाला पावित्र्य नसेल ही शंका कोणाच्या मनात आली नाही.

एका रविवारी सगळे गेल्यावर भाऊ मागे थांबला. मला आणि काकूंना त्यानं फाटकाजवळ बोलावलं. म्हणाला, "सर पेत नाईत." काकूंचे डोळे भरले, आम्हाला माहीत आहे म्हणाल्या. भाऊ म्हणाला की तुम्ही विश्वासानं सांगून राहिल्या, मी अभ्यासानं सांगून राहिलो. "चाळीस वर्सं पेऊन राह्यलो काकू. पेनारा मानूस सकाळी खराब रायते. हात कापते, तोंड सुजते, जीभ वळत नाई. सांजीले दोन घोट गेले का मानूस होते. सरांचं उलटं हाय. सकाळी फस्कलास, सांजीले बिघाड. ही दारू नोहे. हा काही बिमारीचा खेळ हाय."

तीस वर्षं जीवशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला, त्याच्या बायकोला आणि मला, बारावी पास सरकारी नोकराला, जे कळलं नाही ते एका दारुड्यानं दारूच्या अनुभवावरून सांगितलं. काकूंनी त्याच आठवड्यात सरांना नागपूरला नेलं. सर व्यायाम चुकतो म्हणून कुरकुरत गेले. मी बरोबर होते. डॉक्टरीण बाई तरुण होत्या. त्यांनी सरांना छताकडे बघत राहायला सांगितलं. मिनिटभरात पापणी उतरली. मग त्यांनी रबराच्या हातमोज्यात बर्फ भरून तो सरांच्या मिटल्या डोळ्यावर धरला, दोन मिनिटं. बर्फ काढला आणि सरांचा डोळा उघडला. पुरा. सरांनी आमच्याकडे दोन्ही डोळ्यांनी पाहिलं. काकू रडल्या, आणि रडता रडता म्हणाल्या, बर्फच लावाचा होता तं रसवंतीवाल्याजवळ नोहता का, नागपूरले काहून आलो?

पुढे रक्ताच्या तपासण्या झाल्या आणि आजाराला नाव मिळालं, मायस्थेनिया. डॉक्टरीण बाईंनी समजावलं की स्नायू चांगला आहे, पण नसेकडून येणारा निरोप त्याच्यापर्यंत पुरता पोचत नाही. पहिले काही निरोप पोचतात, मग पोचेनासे होतात. म्हणून वापरला की थकतो, आराम दिला की सुधारतो. सकाळी चांगला, संध्याकाळी वाईट. व्यायाम करत असाल तर आधी बंद करा. सर ऐकत होते. आमच्या ओसरीच्या भिंतीवर नस आणि स्नायू जिथे भेटतात त्या जागेचं चित्र सरांनी स्वतःच्या हातानं रंगवलेलं होतं, बाण काढून, निरोप कसा जातो ते दाखवून. दर रविवारी ते छडीनं ते चित्र दाखवत. परत येताना बसमध्ये ते गोंदियापर्यंत खिडकीबाहेर पाहत होते. मग एवढंच म्हणाले, "दोनशे वेळा डोळा मारला मी रोज. माझ्याच हातानं गळा दाबला माझा."

गोळ्या सुरू झाल्या. गोळी घेतली की तासाभरात डोळा उघडायचा, जीभ सुटायची, आणि तीन-चार तासांनी पुन्हा दिवा मंद व्हायचा. काकूंनी सचिवांना जाऊन सगळं सांगितलं. सचिव वाईट माणूस नव्हते, फक्त त्यांना कुठलीही गोष्ट सभेत झाल्याशिवाय झाली असं वाटत नसे. डॉक्टरचा कागद द्या, मी माइकवर वाचून दाखवतो, म्हणजे लोकांचा गैरसमज जाईल, असं ते म्हणाले. सरांनी कागद दिला नाही. कागदानं पाचवं शील सिद्ध होत नाही म्हणाले. आषाढ पौर्णिमेला मी वंदना घेतो, जमलं तर जागा माझी, नाही जमलं तर पुन्हा कधी पुढे बसणार नाही. सचिवांनी ते लिहून घेतलं.

त्या पौर्णिमेची तयारी मी पाहिली आहे. जो माणूस आयुष्यभर वापरा-वापरा म्हणत होता तो त्या दिवशी स्वतःला कापडात गुंडाळून ठेवलेल्या काचेच्या भांड्यासारखा जपत होता. पहाटेपासून एक शब्द नाही. काही लागलं की पाटीवर लिहायचे. 'चहा.' 'खिडकी.' मी वर जोरात पावलं वाजवली तर 'कोण?' जेवण म्हणजे पेज, चावायला नको म्हणून. दुपारी डोळे मिटून पडून राहिले, पापण्यांना सुट्टी. सगळा जीव पाच ओळींसाठी साठवून ठेवला. कार्यक्रम पाचचा होता. चारला गोळी घेतली, पांढरा शर्ट घातला आणि आम्ही विहारात गेलो.

पाचला सर तयार होते. पापणी वर, आवाज असावा तसा. पाचला पाहुणे आले नव्हते. बाहेरगावचे कोणी साहेब होते, त्यांच्या हस्ते मेणबत्ती लागल्याशिवाय वंदना कशी सुरू करायची, असं सचिव म्हणाले. सहा वाजले. सरांनी सचिवांना बोटानं घड्याळ दाखवलं. सात वाजता साहेब आले. मग पुष्पहार. साहेबांना हार, साहेबांच्या ड्रायव्हरलाही चुकून हार, मग तो परत घेऊन दुसऱ्याला. मग सचिवांचं प्रास्ताविक. मी सचिवांना मागून दोनदा खुणावलं, त्यांना वाटलं मलाही सत्कार हवा आहे. दुसरी गोळी काकूंच्या पिशवीत होती, पण ती चार तासांआधी घ्यायची नव्हती, आणि आता घेतली तरी लागू पडायला तास जाणार. आठ वाजता माइक सरांसमोर आला तेव्हा त्यांची डावी पापणी उतरू लागली होती.

सरांनी मान जरा मागे टाकली, म्हणजे पापणीखालून समोरचं दिसावं. आणि पहिलं शील म्हटलं. स्वच्छ. वॉर्डानं मागून म्हटलं. दुसरं. तिसरं. मी काकूंचा हात धरला होता. चौथ्याला शब्द जाड झाला, पण पूर्ण झाला. मग सरांनी पाचवं सुरू करायला तोंड उघडलं आणि नाकातून नुसता वारा आला. पुन्हा उघडलं. ओठ हलले, आवाज नाही. सगळ्यांच्या नजरा सरांच्या तोंडावर. सचिवांनी माइककडे हात केला. मला वाटलं, संपलं. या माणसाचं सगळं इथे संपलं.

तेवढ्यात मागच्या खांबाकडून आवाज आला. पाचवं शील. सावकाश, एकेक शब्द सुटा, सर शिकवायचे तसा. माना वळल्या. भाऊ उठून उभा होता, हात जोडलेले, डोळे मिटलेले. ओळ पुरी होईपर्यंत थांबला नाही. मग काकू म्हणाल्या. मग मी. मग ज्या म्हातारीनं बुद्ध पौर्णिमेला टोमणा मारला होता ती, आणि मग सगळा वॉर्ड. इतक्या मोठ्यानं पाचवं शील आमच्या विहारात आधी कधी कोणी म्हटलं नव्हतं. सचिवांनी हात मागे घेतला. सर पुढे बसलेलेच राहिले, आणि तिथून त्यांना कोणी उठा म्हटलं नाही, नंतरही कधी नाही. वंदना सकाळी सातला घ्यायचा ठराव पुढच्याच सभेत झाला, अर्थात सचिवांनी मांडला.

घरी परतताना भाऊ सायकल हातात धरून आमच्याबरोबर फाटकापर्यंत आला. चेहरा पडलेला होता. चूक झाल्यासारखा उभा राहिला आणि म्हणाला, "म्हनून त गेलो सर. तुमच्यापायी म्हनलं. पन पाळनं होईन का नाई, मले काही सांगता येत नाई."

सरांना बोलता येत नव्हतं. त्यांनी एका हातानं फाटक धरलं, दुसऱ्या हाताच्या बोटानं पापणी वर उचलली आणि भाऊकडे बराच वेळ पाहिलं. ओठांचे कोपरे हलले नाहीत, तरी सर हसत होते हे आम्हाला कळलं. मग त्यांनी खुणेनं भाऊला वळायला सांगितलं. भाऊनं सायकल भिंतीला टेकवली, पाठ केली आणि जरा वाकला. सरांनी उजवा पाय कसाबसा उचलला आणि त्याच्या कमरेला लावला. व्यायामाशिवाय कोणाला मिळालेली ती मी पाहिलेली एकच लाथ.